यंदाचं माझं झिरो पेमेंट

तासगावात आणि आमच्या सांगलीत दिवाळीच्या सुमाराला बेदाण्याचे सौदे बंद असतात हे मला लहानपणापासून माहिती होतं, पण का असतात ते कळलं या वर्षी. मला वाटायचं दिवाळी आहे, सुट्टी घेत असतील. तर ते दिवस जुनी येणी-देणी मिटवायचे असतात, व्यापाऱ्याने अडत्याला द्यायचे, अडत्याने शेतकऱ्याला द्यायचे, सगळं शून्यावर आणायचं आणि मग पुन्हा सौदे सुरू. याला यार्डात झिरो पेमेंट म्हणतात. ज्याचं शून्यावर येत नाही त्याच्याबद्दल यार्डात काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर म्हटलं आपणपण करूया. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तसाही रिकामा असतो, पुण्या-बंगळूरचे सगळे लोक गोव्याला नाहीतर घरी, कोणी कॉल लावत नाही. लेकीची शाळा सुरू, सासूबाई दुपारी झोपतात. डायनिंग टेबलवर डायरी, लॅपटॉपवर कॅलेंडर, बँक स्टेटमेंट आणि व्हॉट्सअॅप असं सगळं मांडून बसले, सलग चार दिवस.

आधी सांगते मी करते काय, कारण घरातसुद्धा हा प्रश्न अजून मिटलेला नाही. मी प्रॉडक्ट मॅनेजरना शिकवते. म्हणजे एखादं अ‍ॅप किंवा सॉफ्टवेअर बनतं तेव्हा कोड लिहिणारे असतात, डिझाइन करणारे असतात, विकणारे असतात, आणि एक माणूस असा असतो ज्याने ठरवायचं असतं की यात नक्की काय बनवायचं, कोणासाठी, आधी कुठलं आणि कुठलं बनवायचंच नाही. तो प्रॉडक्ट मॅनेजर, पीएम. त्याच्या हाताखाली कोणी नसतं आणि चुकलं की बोलणी त्यालाच. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे घरातली थोरली सून." एवढी नेमकी व्याख्या मला अकरा वर्षं पुण्यात नोकरी करून सुचली नव्हती. नोकरी सोडून सांगलीला आलो, मग २०२३ च्या शेवटी हे कोचिंग सुरू केलं, त्यामुळे २०२५ हे दुसरं पूर्ण वर्ष.

पहिला दिवस कॅलेंडर मोजण्यात गेला. मी लोकांना सांगत असते की तुमचा रोडमॅप, म्हणजे पुढे काय काय बनवायचं त्याची यादी, काय म्हणतो ते सोडा, कॅलेंडर दाखवा, त्यात कळतं तुम्ही कशाला महत्त्व देता. स्वतःचं कधी उघडून मोजलं नव्हतं. मोजलं तर वर्षभरात एकेकट्याने शिकायला आलेले १९ जण, टीम ३, आणि "मॅडम जरा वीस मिनिटं बोलायचं होतं" असे फुकट कॉल ६१. एकसष्ट! आणि वीस मिनिटांचा एकपण नाही, सगळे पाऊण तास. त्यातून पैसे देऊन आलेले चार. बाकीचे १५ कुठून आले बघितलं तर बहुतेक जुन्या ऑफिसमधले, नाहीतर आधी शिकून गेलेल्यांनी पाठवलेले. आणि मी मंगळवार-शुक्रवार सकाळचे दोन-दोन तास लिंक्डइनवर पोस्ट लिहिण्यात घालवत होते, ज्यातून वर्षभरात आला एक माणूस, आणि त्याने दोन सेशननंतर सोडलं.

आता कुठलाही पीएम हे बघून म्हणेल की पोस्ट बंद करा, फुकट कॉल बंद करा. मीपण तेच म्हटलं असतं. पण यादी नीट वाचली तर त्या ६१ मध्ये १७ कॉल विटा, जत, पलूस, कुपवाड इकडच्या मुलामुलींचे, इंजिनिअरिंग झालेलं, कॉलेजात कोणी पीएम हा शब्दच नीट सांगितला नाही, प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर एकच समजतात. एका मुलीने तर पहिल्यांदा विचारलं, "मॅम यात नाइट शिफ्ट असते का, घरचे विचारतायत." हे कॉल मला बंद करायचे नाहीत. बंद करायचेत ते उरलेले ४४, ज्यात चांगल्या कंपनीत मोठ्या पगारावर असलेले लोक इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री फोन करतात आणि ऑफर मिळाल्यावर हार्टचा इमोजी पाठवतात.

दुसरा दिवस पैशांचा. इथे माझं झिरो पेमेंट साफ गंडलं. पुण्यातल्या एका कंपनीच्या टीमला एप्रिल ते जून असं तीन महिने कोचिंग केलं, बिल १ लाख ८० हजार, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाठवलं. ऑगस्टमध्ये विचारलं तर "अप्रूव्हल झालंय", सप्टेंबरमध्ये "फायनान्सकडे आहे", ऑक्टोबरमध्ये ज्या माणसाने मला बोलावलं होतं तोच कंपनी सोडून गेला आणि नवीन माणूस म्हणाला मला याबद्दल काही माहिती नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. मग नोव्हेंबरमध्ये आमच्या सीएकडे गेले वेगळ्याच कामाला, आणि त्यांनी सहज फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावाने किती कर भरला गेला त्याचा उतारा, काढला तर त्यात त्या कंपनीने माझ्या नावाने १८ हजार टीडीएस भरलेला! म्हणजे १० टक्के कापून सरकारला दिले पण, आणि मला उरलेले ९० टक्के पोचलेच नाहीत. सीए म्हणाले, टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात बिल धरताना, जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो, म्हणजे यांनी बिल कधीच बुकात धरलंय, फक्त दिलं नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढून मेल केला, एक ओळ, "माझं बिल तुमच्या खात्यात आहे असं दिसतंय, पैसे कधी?" बारा दिवसांनी निम्मे आले. निम्मे अजून यायचेत.

त्याच वेळी सीएंनी मला उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करायला लावलं. ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार-पॅन लागतं, अर्ध्या तासात झालं आणि मी दोन वर्षं केलं नव्हतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर लेखी करारात काहीही मुदत लिहा, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. आणि २०२३-२४ पासून नियम असा की उशीर केला तर पैसे देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येतो. म्हणजे मार्च जवळ आला की त्यांचाच फायनान्सवाला तुम्हाला शोधत येतो, निदान यायला पाहिजे. जुन्या बिलाला याचा फारसा उपयोग नाही म्हणाले, पण आता प्रत्येक बिलावर खाली उद्यम नंबर आणि ही एक ओळ जाते. आणि पुढच्या वर्षीपासून टीमच्या कामाला निम्मे पैसे आधी, हे मी डायरीत लाल पेनाने लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी जे उघडलं ते मला उघडायचं नव्हतं. पण ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते तेच आहे.

इथे सांगलीतच विश्रामबागला पाच पोरांची एक कंपनी आहे, कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर बनवतात. तासगाव, सांगली, मिरज या पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज भरपूर. शेतकरी फेब्रुवारी ते एप्रिल-मे या दिवसांत रॅकवर बेदाणा तयार करतो, १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला ठेवतो आणि भाव बघून थोडा थोडा सौद्याला काढतो. कोणाचे किती बॉक्स आले, कुठल्या चेंबरला आहेत, हिरवा किती, पिवळा किती, काळा किती, किती बाहेर गेले, भाडं किती झालं, हे सगळं या पोरांच्या सॉफ्टवेअरमध्ये. चांगलं काम आहे त्यांचं. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते माझ्याकडे आले, म्हणाले मॅडम स्क्रीनवर बटणं फार झालीत, क्लार्क लोक गोंधळतात, काय काढायचं सांगा.

मी काय केलं, जे पुण्यात शिकले तेच. तीन महिन्यांचा वापराचा डेटा काढला, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. कुठलं बटण किती वेळा दाबलं. खालच्या बाजूला एक बटण होतं "तारण दाखला", शेतकऱ्याला मालावर कर्ज काढायचं असेल तर अमुक इतका माल आमच्याकडे आहे असं प्रिंट काढून द्यायचं. तीन महिन्यांत ते जवळपास कोणी दाबलंच नव्हतं. म्हटलं हे काढा समोरून, सेटिंगच्या आत टाका. एकाने हळूच विचारलं होतं, "पण मॅडम सीझन..." आणि मी म्हटलं, डेटा बघ ना. हे वाक्य मी म्हटलंय, मला नीट आठवतंय.

मार्च उजाडला. नवीन बेदाणा यायला लागला, मजुरी द्यायची, औषधाची उधारी भागवायची, शेतकरी दारात उभा, दाखला द्या म्हणून, आणि क्लार्कला बटण सापडेना. एका कोल्ड स्टोरेजच्या मालकाने सरळ माझा नंबर मिळवून फोन केला. "मॅडम, तुम्ही कुठल्या गावच्या?" मी म्हटलं सांगलीच्याच. "मग बेदाण्याचा सीझन कवा असतो हे सांगलीच्या माणसाला सांगावं लागतंय व्हय?" आणि ठेवला फोन. तेवढंच बोलले, शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

कारण खरं होतं ना ते. माझे मामा द्राक्षवाले. सुट्टीत शेडवर जाऊन अर्धवट वाळलेले बेदाणे खाऊन पोट बिघडवून घेतलेली मुलगी मी. नोव्हेंबर ते जानेवारी या धंद्याचा डेटा बघणं म्हणजे मे महिन्यात छत्रीचं दुकान बघून म्हणायचं की छत्र्या कोणी घेत नाही. पुण्यातल्या पेमेंट अ‍ॅपला तीन महिने पुष्कळ असतात, तिथे मार्च काय आणि ऑगस्ट काय. इथे वर्षाचं एक चक्र पूर्ण झाल्याशिवाय कुठलाच आकडा आकडा नसतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, माहिती होतंच, फक्त लॅपटॉप उघडला की मी सांगलीची राहतच नव्हते, असं काहीतरी होत होतं.

बटण त्या रात्रीच परत आलं. मी त्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत, पोरं नको नको म्हणत होती. आणि एप्रिलमध्ये सगळ्यांना घेऊन तासगावला गेले, दोन दिवस एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात नुसतं कोपऱ्यात बसायचं, कोणाला काही विचारायचं नाही असं ठरवून. कोडिंग करणाऱ्या पोराला पहिला तास जड गेला, मग तो वहीत लिहायला लागला. फोन वाजतोय, सारखा वाजतोय. क्लार्क एका हाताने फोन धरतोय, दुसऱ्या हाताने माऊस. दोन दिवसांत मोजले, १४० च्या वर फोन, आणि त्यातले निम्म्याहून जास्त फक्त दोन प्रश्न, "माझं किती बॉक्स राहिल्यात?" आणि "पट्टी झाली का?" म्हणजे सौद्यात गेलेल्या मालाच्या हिशोबाची पट्टी. दुसरा प्रश्न खरं तर कोल्ड स्टोरेजला विचारायचा नाहीच, तो अडत्याला विचारायचा, पण शेतकऱ्याला हाच नंबर पाठ.

पोरांच्या रोडमॅपवर तेव्हा काय होतं माहितीये का, भावाचा ग्राफ, हवामान, शेतकऱ्यांसाठी चॅट. क्लार्कला ग्राफ दाखवला तर तो म्हणाला, "ग्राफ चांगला हाय. पण आमच्या शेतकऱ्याला आकडा सांगा, तेवढा पुरे." मग ते सगळं बाजूला ठेवलं आणि एकच केलं, माल आत आला किंवा बाहेर गेला की शेतकऱ्याला व्हॉट्सअॅपवर मराठीत एक मेसेज, आज इतके गेले, इतके शिल्लक. जूनपासून सुरू झालं. क्लार्कचे फोन कमी झाले, संपले नाहीत, काही लोक मेसेज आल्यावर "मेसेज आलाय ते बरोबर हाय का" विचारायला फोन करतात. त्याला इलाज नाही, आणि मला वाटतं असूपण नये.

या प्रकारानंतर माझं शिकवणंच जरा बदललं. आधी मेट्रिक, म्हणजे कुठला आकडा मोजायचा ते, शिकवताना मी बाहेरच्या कंपन्यांची उदाहरणं द्यायचे. आता कृष्णेवरचा आयर्विन पूल देते. पावसाळ्यात सांगलीतलं शेंबडं पोरपण सांगेल आज आयर्विनला पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आकडा चढायला लागला की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडची माणसं टीव्ही, फ्रिज कुठे हलवायचा ते बघायला लागतात. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं ते घराघरात भिंतीवर रेघ मारून ठेवलंय. म्हणून मी बंगळूरच्या पोरांना विचारते, तुझ्या डॅशबोर्डवर एकवीस आकडे आहेत, यातला कुठला वाढला की तू फ्रिज हलवणार? बहुतेक वेळा एकपण नाही. मग तो आकडा कशाला ठेवलाय? तर साहेबांना आवडतो.

एआयचं थोडं सांगते, कारण या वर्षी सगळ्यांनी तेच विचारलं, पीएमची नोकरी जाणार का. मला काय माहीत. मी एवढंच बघितलं की माझ्याकडे येणारे पीआरडी, म्हणजे काय बनवायचं याचे कागद, आधी तीन पानी असायचे ते आता चौदा पानी येतात. भाषा गुळगुळीत. एका मुलाच्या कागदात चार प्रकारचे ग्राहक होते, त्यांची दुखणी, त्यांची वाक्यंसुद्धा. मी विचारलं यातल्या कोणाशी बोललास? गप्प. मग म्हणाला, चॅटजीपीटीने दिलं. बरं, वाक्यं इतकी खरी वाटत होती की मीच फसले असते. मी स्वतः वापरते, मेल लिहायला, नोट्स लावायला, त्यात मला काही पाप वाटत नाही. पण तासगावच्या क्लार्कचा फोन एका तासात किती वेळा वाजतो हे त्याला कुठून कळणार, तिथे कोणीतरी जाऊन बसायला लागतं. आता माझा नियम आहे, पीआरडी पाठवायच्या आधी ज्या तीन माणसांशी बोललात त्यांची नावं आणि ती काय म्हणाली ते हाताने लिहून फोटो पाठवा. लोक कुरकुरतात.

एक गोष्ट डायरीत आहे जी कुठल्याच आकड्यात बसत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, पुण्यात नोकरी, हुशार, मीटिंगमध्ये तोंड उघडायची नाही. आम्ही सहा महिने त्यावर काम केलं, साहेबासमोर "हे करू नये असं मला वाटतं" कसं म्हणायचं, आधी कोणाशी बोलून ठेवायचं, कागद कसा मांडायचा. ती बोलायला लागली, छान बोलायला लागली. सप्टेंबरमध्ये तिची नोकरी गेली. कपातीत गेली, अजून तीसजण गेले, तिच्या बोलण्याचा संबंध होता की नव्हता मला कधीच कळणार नाही. तिने मला दोष दिला नाही. "मॅम, मला तरी बोलल्याचं वाईट वाटत नाहीये," असं म्हणाली, आणि मी त्यानंतर तिला दोनदाच फोन केला. चार महिन्यांत दोनदा. हे पण येणं-देण्यातच धरलं मी.

पुढच्या वर्षाचं काय. एकेकटे शिकणारे बारापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, १९ जणांत मी कोणाची कुठली कंपनी ते विसरायला लागले होते. टीमचं काम तीन महिने, मग थांबायचं, बघायचं, वाटलं तर पुन्हा, उगाच वर्षभर कोणाच्या पगारपत्रकावर राहिल्यासारखं नको. पुण्याला महिन्यातून एकदाच, सांगलीहून पेठनाका आणि मग हायवे, जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर होतात आणि पाठ आता ऐकत नाही. रेकॉर्डेड कोर्स काढ काढ म्हणून नवरा मागे लागलाय, झोपेत पैसे येतील म्हणतो, ते मी करणार नाहीये, मला समोर माणूस लागतो, तोंड वाकडं करणारा असला तरी चालेल.

आणि जे खरंच करायचंय ते म्हणजे शनिवारचा वर्ग. मराठीत. त्या विटा-जत-पलूसवाल्या १७ जणांसारख्यांसाठी, फी नाममात्र, फुकट नाही कारण फुकट ठेवलं की तिसऱ्या शनिवारी कोणी येत नाही हे अनुभवाचं आहे. पुस्तकातून काही शिकवायचं नाही. पहिल्या शनिवारी हळदीच्या सौद्याला नाहीतर एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीपाशी उभं राहायचं, कोण काय विचारतंय ते लिहायचं, दुसऱ्या शनिवारी त्यातलं एकच निवडायचं. हॉलसाठी दोन ठिकाणी विचारलंय. विश्रामबागच्या त्या पोरांनी त्यांचं ऑफिस देऊ केलंय, खुर्च्या नऊच आहेत. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करायचं म्हणतेय. बेदाण्याचा सीझन लागला की पोरं कामात असणार, तेव्हा त्याआधी दोन-तीन शनिवार मिळतील. यावेळी सीझन बघून तारीख धरलीय, बघा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी यादीत खाली तीनच ओळी उरल्या होत्या. एक त्या कंपनीचे निम्मे पैसे, ते माझ्या हातात नाही. दुसरी ती मुलगी, तिला फोन केला, पाऊण तास बोललो, एका ठिकाणी दुसरा राउंड आहे म्हणाली, तयारी करून घेऊ म्हटलं, पैशांचा विषय काढलीस तर फोन ठेवीन असं पण म्हटलं.

तिसरी ओळ तासगावच्या क्लार्कची. एप्रिलमध्ये निघताना त्यांनी मला गाडीपर्यंत सोडायला येऊन सांगितलं होतं, "मॅडम, पोरगं कॉम्प्युटरला हाय शेवटच्या वर्षाला, जरा बघा की त्याचं, फोन करा एकदा." मी हो म्हटलं होतं, नंबर डायरीत लिहून घेतला होता, आणि आठ महिने तो तिथेच होता. शनिवारच्या वर्गाचं सांगायचं म्हणून लावला फोन. मागे मोठा आवाज, कोणीतरी बॉक्स मोजत होतं.

"कोण? सांगलीच्या मॅडम व्हय! आवं आता नको, गाडी लागलीया, ३०० बॉक्स काढायचेत. सात वाजता करा."

सात वाजून गेलेत, मघापासून लिहीतच बसलेय, आता लावते.